लग्नाचा जोड

चार भावंडांत हा एकटाच डुलत आला.
आई त्यांची टेम्पोखाली गेली,
तिघांना कुणी कुणी नेलं.
ह्यालाही नेलं होतं, दोन दिवस.
मग सकाळी आमच्या उंबऱ्याशी ठेवलेला,
जसा उसवलेला जोड गिऱ्हाईक परत आणून ठेवतं.

मगदूम डॉक्टरांनी त्याला टेबलावर सोडलं.
चारी पाय चार दिशांना.
म्हणाले, लहान मेंदू जन्मतःच अर्धा राहिलाय.
औषध नाही.
वाढणारही नाही, बराही होणार नाही.
त्याला दुखत नाही, एवढं लक्षात ठेवा,
आणि म्हशीचं दूध देऊ नका.
मला तिथंच हसू आलं.
गंगावेशीत रात्री कट्ट्यावर लोक
धारेखाली ग्लास धरून उभे असतात,
आणि ह्या गावात जन्मून ह्याला तेवढंही पचू नये!

शेळीचं दूध मग. शालनवहिनींच्या दिराकडून,
रोज पावशेर, उधारीवर.

एक गोष्ट मला आठ दिवसांनी कळली.
नुसता पडलेला असला की तो थरथरत नाही.
काही हवं झालं की सुरू.
वाटी दिसली की मान हलते,
वाटी जवळ आली की जास्त,
आणि जीभ दुधाला टेकणार
तेवढ्यात सगळं डोकंच
हिंदकळतं, दूध माझ्या मांडीवर.
हवंपणानंच हातचं जावं
हे दुखणं मी माणसांत पाहिलंय,
कुत्र्यात पहिल्यांदा.

म्हणून मी त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरते,
ओलं चामडं ठोकळ्यावर बसेपर्यंत धरतात तसं,
दाबून नाही,
नुसतं निसटू नये इतकं.

आप्पासो बोलत नाहीत.
पण गुळगुळीत फरशीवर पोती त्यांनीच अंथरली,
उरल्यासुरल्या वाद्यांचा पट्टा केला,
पोटाखालनं घेऊन पाठीवर मूठ,
धरून चालवायला.
टाके घातले मोजून, पैसे देणाऱ्याला घालतात तसे.
"ह्ये काय जगायचं न्हाई," म्हणत म्हणत घातले.

गल्लीतली पोरं त्याला भोवरा म्हणतात.
आधी राग यायचा, आता मीही तीच हाक मारते.
हाक आली की वळतो,
वळता वळता पडतो,
पडल्या पडल्या शेपूट हलवतो.
शेपटीचं मात्र कधी चुकत नाही.

आणि काल.
इस्लामपूरच्या नवरदेवाचा जोड,
सात पदरांची वेणी, माझे चार दिवस,
कान लावून झालेले, गोंडा तेवढा बाकी,
भिंतीशी वाळत ठेवला होता.
मी आत भाकरी थापत होते.
बाहेर आले तर हा पोत्यावरनं उतरलेला,
फरशीवर, जिथं त्याचा पाय कधी ठरत नाही.
तीन हात अंतर.
किती वेळ लागला असेल,
कितीदा तोंडावर आपटला असेल,
कुणी बघितलं नाही.
डाव्या चपलेचा अंगठा त्याच्या दातांत होता.
डोकं हलत होतं, चप्पल हलत होती,
दोन्ही मिळून हलत होती
पण सुटत नव्हती.

आप्पासोंच्या हातात मोगरी होती, ती वर गेली.
मग हळूच खाली आली.
"धरलं की गं त्येनं," म्हणाले.

"आगं हाण की त्याला!" शालनवहिनी दारातनं ओरडल्या.
बरोबर आहे. सगळ्यांची कुत्री चपला खातात,
सगळे हाणतात.
आम्ही दोघं फरशीवर बसून
त्याची वेणी कुरतडून होईपर्यंत बघत राहिलो.
तव्यावरची भाकरी करपली.

रात्री डाव्या पायाची वेणी नव्यानं धरली.
पदर मोजताना चुकत होते, पुन्हा उलगडत होते.
तो शेजारी झोपला होता,
तोंडात चामड्याचा तुकडा, अंग अगदी निश्चल.
झोपेत त्याला काही नको असतं.

सकाळी नवरदेवाचा फोन.
म्हटलं, दोन दिवस अजून लागतील.
का म्हणून विचारलंन्.
काय सांगणार?
म्हटलं, डाव्या पायाचं जरा काम निघालंय.